फायटर एकटाच सगळ्यांना लोळवतो तेव्हा: डी अँड डीमध्ये तोलामोलाची लढाई कशी रचायची

पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, चार जण आणि लढाई एकटाच जिंकतो, ही तक्रार डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फाशांवर आणि गोष्टीवर चालणारा खेळ चालवणाऱ्या प्रत्येक डीएमच्या, म्हणजे गोष्ट आणि शत्रू सांभाळणाऱ्या सूत्रधाराच्या, कानावर कधी ना कधी येतेच. फायटर (लढवय्या) पहिल्याच टर्नला ओगर (दांडगा राक्षस) आडवा करतो. रोगची, म्हणजे चोरपावलांनी वावरणाऱ्या कॅरॅक्टरची, पाळी येईपर्यंत मारायला कोणी उरलेलं नसतं आणि क्लेरिक (देवाच्या नावानं जादू करणारी) मोबाईल बघत बसते. मग पुढच्या रविवारी डीएम दुप्पट दमाचा राक्षस आणतो. तो फायटरला पुरून उरतो खरा, पण विझार्डला (जादूगाराला) एका फटक्यात झोपवतो. ज्याच्यासाठी राक्षस वाढवला तो उभा आणि ज्याचा काही संबंध नव्हता तो आडवा, असा हा प्रकार होतो.

आपल्या सातारा-सांगली भागात यात्रेच्या मैदानात कुस्तीची जोड लावणारी मंडळी वजन, वय आणि अनुभव बघून पैलवान समोरासमोर उभे करतात. बरेच डीएम लढाईची जोडही तशीच लावायला जातात: ताकदवान कॅरॅक्टरसमोर तितकाच ताकदवान शत्रू. पण आखाड्यात दोघेच असतात, टेबलावर चौघे असतात, आणि वाढवलेला शत्रू चौघांच्याही अंगावर येतो. म्हणून माझं म्हणणं असं आहे की बलवान कॅरॅक्टरची ताकद कापू नका आणि तिच्याशी बरोबरीही करायला जाऊ नका. लढाईत एकाच वेळी तीन ठिकाणी काम काढा. माणूस कितीही जबरदस्त असला तरी एका वेळी एकाच ठिकाणी असतो.

आमचा खेळ साताऱ्यात चालतो. नकाशा ग्राफपेपरवर, गॉब्लिन (छोटे राक्षस) म्हणजे चिंचोके आणि मोठे शत्रू म्हणजे कॅरमच्या सोंगट्या. पुस्तकं अजून २०१४ ची आहेत, त्यामुळे खालचे आकडे त्या आवृत्तीचे आहेत. २०२४ च्या नियमांनी जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

पहिलं काम: शीट (कॅरॅक्टरच्या आकड्यांचा कागद) नीट वाचा

कॅरॅक्टर खरंच भारी आहे की नियम चुकीचा वापरला जातोय, हे आधी बघायचं. नेहमी निसटणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागणारे दोन स्पेल (मंत्र) एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत. स्नीक अटॅक (रोगचा जादा घाव) एका टर्नमध्ये एकदाच. अट्यूनमेंट (जादूच्या वस्तूशी जुळणं) तीनच वस्तूंशी. अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला घेण्याची मुभा) तीन कारणांनी मिळाला तरी फासे दोनच टाकायचे. लाँग रेस्टचा (रात्रभराच्या विश्रांतीचा) फायदा २४ तासांत एकदाच. यातलं एखादं सापडलं तर सगळ्यांसमोर न काढता त्या खेळाडूला बाजूला घेऊन सांगावं. अर्धी तक्रार बहुतेक तिथेच मिटते.

शीट बरोबर निघालं, तर ताकद कुठून येते ते शोधा. कधी ती जादूच्या वस्तूंतून येते, ज्या आपणच हौसेनं वाटलेल्या असतात. कधी खेळाडूनं अभ्यास करून कॅरॅक्टर बांधलेलं असतं आणि बाकीच्यांनी आवडेल ते घेतलेलं असतं. या दुसऱ्या बाबतीत तो एकटा भारी नसून बाकीचे तिघे हलके असतात, आणि उपाय बाकीच्यांना वर आणण्यात असतो. क्लेरिकला पर्ल ऑफ पॉवर द्या म्हणजे दिवसात एक स्पेल स्लॉट (स्पेल टाकायची एक संधी) परत मिळेल. विझार्डला वँड ऑफ वेब (जाळं टाकणारी कांडी) द्या. फायटरच्या वाट्याला काही दिवस फक्त सोनं आणि मानपान येऊ दे.

ताकद आकड्यांत मोजा

नुसतं “लई मारतो” म्हणून हिशेब होत नाही. एक-दोन सेशन वहीत लिहा: दर राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न) साधारण किती डॅमेज, किती हल्ले लागले, त्याला स्वतःला किती लागलं आणि कुठल्या सेव्हला (जादू किंवा धोका टाळायच्या फाशाला) तो पडला. यातून एक नमुना घेऊ. पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १८, ग्रेटसोर्ड, ग्रेट वेपन मास्टर फीट (खास कसब), प्लेट आर्मर, डिफेन्स स्टाइल आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शन. एसी (त्याच्यावरचा हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) झाला २०.

त्याच्या हल्ल्याला वीस बाजूंच्या फाशावर +७ आहे आणि एका घावाचं सरासरी डॅमेज ११. फीट वापरून हल्ल्यातून ५ वजा केले तर डॅमेज २१ होतं. ओगरचा एसी ११ आणि एचपी (जीव) ५९. वजाबाकी करूनही फायटरला फाशावर ९ पुरतात, म्हणजे ६० टक्के शक्यता. अॅक्शन सर्ज (फायटरची जादा कृती) वापरून चार हल्ले केले की क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावरचं जादा डॅमेज) सोडूनही सरासरी ५० डॅमेज. विझार्डनं थोडी मदत केली की ओगर त्याची टर्न येण्याआधीच संपतो.

आता हाच फायटर हॉबगॉब्लिनसमोर उभा करा. हॉबगॉब्लिनचा एसी १८ आहे. ५ वजा करून मारायचं तर १६ पडायला हवेत, म्हणजे २५ टक्के शक्यता आणि दर हल्ल्याला सरासरी सव्वापाच. वजा न करता मारलं तर ५० टक्के आणि सरासरी साडेपाच. म्हणजे फीटचा फायदा संपला. आपण काहीही काढून घेतलं नाही, फक्त त्याला दर टर्नला विचार करायला लावला. (२०२४ च्या नियमांत ही पाचाची वजाबाकी काढून टाकली आहे. तिथे प्रॉफिशियन्सी बोनसइतकं (लेव्हलप्रमाणे वाढणाऱ्या कौशल्याच्या आकड्याइतकं) जादा डॅमेज मिळतं, त्यामुळे तिथे हा डाव लागू नाही.)

बचावाची बाजूही तपासा, कारण डीएम सगळ्यात जास्त इथेच फसतात. गॉब्लिनच्या हल्ल्याला +४ आहे. एसी २० ला तो २५ टक्के वेळाच लागतो. फायटरला निम्म्याहून जास्त वेळा लागावं म्हणून शत्रूचा हल्ला +११ केला, तर तो त्याला ६० टक्के लागेल, पण एसी १२ च्या विझार्डला ९५ टक्के. हल्ल्याचा आकडा वाढवणं हा उपाय जवळजवळ नेहमीच दुसऱ्याच कोणावर तरी पडतो. त्यापेक्षा सेव्ह बघा. आपल्या फायटरचा विज्डम साधा १० असेल तर क्लोक धरून त्याला +१ आहे, आणि डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १३ ला तो ५५ टक्के वेळा पडतो.

पण हे हत्यार जपून वापरायचं. होल्ड पर्सन (जागीच गोठवणारा स्पेल) लागला की खेळाडू तीन-तीन राउंड नुसता बसून राहतो. रविवारची सुट्टी काढून, कराडहून एसटीनं आलेल्या माणसाला अर्धा तास गप्प बसवणं मला पटत नाही. टर्न हिरावून घेण्यापेक्षा टर्न महाग करा: चिखल, कारवीचं रान, वेबचं जाळं, मध्ये उभी ढालकऱ्यांची रांग. तो काहीतरी करू शकतो, पण सगळं करू शकत नाही. होल्ड पर्सन वापरायचाच असेल तर तो टाकणारा शत्रू सगळ्यांना दिसेल असा उभा ठेवा, म्हणजे बाकीचे त्याची एकाग्रता मोडून मित्राला सोडवतील.

खेळाडूशी बोला, आणि टेबलापासून लांब बोला

हे काम बरेच जण टाळतात. खरं तर ते चहाच्या कपात होतं. फायटर खेळणाऱ्याशी माझं बोलणं असं झालं:

“ताई, माझ्यामुळं बाकीच्यांना मजा येत नाही का?”

“तसं नाही रे. तुझा फायटर दमदार आहे, तो तसाच राहणार. पण आता शत्रू जरा डोक्यानं लढणार आहेत. तुला सगळीकडं पोचता येणार नाही. चालेल ना?”

“चालेल की! फक्त माझा आर्मर काढून घेऊ नका.”

एवढं झालं की पुढच्या लढाईत त्याला कोंडीत पकडलं तरी तो राग धरत नाही, उलट त्यातून वाट काढायला लागतो. बाकीच्यांनाही वेगळं विचारा, की तुला तुझ्या कॅरॅक्टरनं काय करावंसं वाटतं. रोग खेळणाऱ्याला बऱ्याचदा मारायचं नसतंच, त्याला कुलूप उघडायचं असतं, वर चढायचं असतं, कुणाच्या तरी मागे गुपचूप जायचं असतं. ही यादी म्हणजेच पुढच्या लढाईतली कामं.

बजेट

२०१४ च्या डीएमच्या पुस्तकात पाचव्या लेव्हलच्या एका कॅरॅक्टरमागे शत्रूंचं बजेट असं: सोपी लढाई २५० एक्सपी (अनुभवाचे गुण), मध्यम ५००, अवघड ७५० आणि जीवघेणी ११००. शत्रूंच्या एक्सपीची बेरीज करून ती संख्येप्रमाणे वाढवायची: दोन शत्रू असतील तर दीडपट, तीन ते सहा दुप्पट, सात ते दहा अडीचपट, अकरा ते चौदा तिप्पट. २०२४ च्या पुस्तकात ही पट काढली आहे आणि पाचव्या लेव्हलला कमी, मध्यम, जास्त असे ५००, ७५० आणि ११०० हे टप्पे आहेत.

दोन्ही हिशेबांना तुमचा फायटर माहीत नाही. म्हणून मी भारी कॅरॅक्टर दोन लेव्हल वरचं धरते. सातव्या लेव्हलला अवघड लढाई ११०० आणि जीवघेणी १७००. म्हणजे आमच्या पार्टीचं अवघड बजेट ३००० ऐवजी ३३५० आणि जीवघेणं ४४०० ऐवजी ५००० होतं. वाढ किती थोडी आहे बघा. जिथे डीएम डोळे झाकून दुप्पट करतो, तिथे खरी गरज दहा-पंधरा टक्क्यांची असते. बाकीचं काम रचनेनं होतं.

हे बजेट एका एकट्या मोठ्या राक्षसावर उधळू नका. चार जणांच्या टर्न चार, त्याची एक. तो वाचतो तेव्हा एखाद्याला मारून टाकतो आणि नाही वाचला तर दुसऱ्या राउंडला संपतो, मधलं काही घडत नाही. एकटाच शत्रू हवा असेल तर त्याला लेजंडरी अॅक्शन द्या, म्हणजे दुसऱ्यांच्या टर्नच्या शेवटी त्यालाही काही करता येईल.

विश्रांतीची गाठ गावाशी बांधा

पाचव्या आवृत्तीचा हिशेब दिवसाला सहा ते आठ मध्यम-अवघड लढायांचा आहे. आपण सेशनमागे एकच लढाई खेळतो आणि पुढचा रविवार लाँग रेस्टनं सुरू होतो. मग अॅक्शन सर्ज आणि सगळे मोठे स्पेल पहिल्याच राउंडला उडतात आणि जो एकदम सगळं ओतू शकतो तोच भारी दिसतो. आमच्याकडे नियम असा आहे की लाँग रेस्ट फक्त गावात, छपराखाली, पहारा असेल तरच. जावळीच्या रानात शिरलात की पलीकडच्या वस्तीपर्यंत शॉर्ट रेस्टवर (थोडक्या विश्रांतीवर) भागवायचं. सेशन संपला तरी दिवस संपत नाही, स्लॉट आणि एचपी वहीत तसेच राहतात. हा एकच बदल केला तरी निम्मा तोल सुधारतो, आणि कोणाचं शीट बदलावं लागत नाही.

जमीन

साताऱ्याच्या माणसाला जमिनीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वासोटा बेलाग किल्ला, पण १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि किल्ला पडला. तुमचा फायटर बेलाग असेल तर शत्रूला उंचावर, लांबवर आणि आडोशाला बसवा. तिथे पोचायला त्याला दोन टर्न लागतील आणि त्या दोन टर्न बाकीच्यांच्या असतील.

तिरंदाज भारी असेल तर उलटं करा. शार्पशूटर फीट लांबच्या पल्ल्याची अडचण आणि अर्धा व पाऊण आडोसा निकामी करतं, पण पूर्ण आडोशाला आणि न दिसणाऱ्या शत्रूला ते काही करू शकत नाही. पावसाळ्यात कासच्या पठारावर धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसेनासा होतो. तसलं धुकं नकाशावर आणा. तिरंदाजाला जवळ यावं लागेल आणि त्याला जवळ सुखरूप आणणं हे फायटरचं काम होईल.

एक पूर्ण लढाई

हे सगळं एकत्र कसं बसतं ते एका लढाईवर दाखवते. जागा वासोट्यासारखा रानातला किल्ला. वासोट्याचा इतिहासात तुरुंग म्हणूनही उपयोग झालेला आहे, त्यामुळे आत एक बंदी आहे आणि त्याला सोडवायचं आहे. पश्चिमेला बाबुकड्यासारखा सरळ तुटलेला कडा. वेळ संध्याकाळची, पावसाची.

शिबंदी: एक बँडिट कॅप्टन (४५० एक्सपी), चार हॉबगॉब्लिन (४००), चार गॉब्लिन तिरंदाज (२००). बेरीज १०५०, नऊ शत्रू म्हणून अडीचपट, २६२५. मध्यम आणि अवघड यांच्या मधली लढाई. तिसऱ्या राउंडला नागेश्वरच्या वाटेनं दोन ओगर येतात, तो भाग वेगळा धरायचा: ९०० ची दीडपट, १३५०. गंमत म्हणजे २०२४ च्या हिशेबानं सगळे मिळून फक्त १९५० होतात, म्हणजे चौघांच्या ‘कमी’ टप्प्याच्या मर्यादेतच. आकड्यांवर किती विसंबायचं ते यावरून ठरवा.

आता तीन कामं. दरवाज्यापासून १२० फुटांवरच्या बुरुजावर इशाऱ्याची चूड पेटवायला एक गॉब्लिन धावत सुटतो. दोन राउंड पळण्यात जातात, लाकडं ओली असल्यानं पेटवायला आणखी दोन. चौथ्या राउंडच्या शेवटी चूड पेटली तर पुढच्या सेशनला खालच्या खोऱ्यातली फौज जागी झालेली असेल. दुसरीकडे कॅप्टन बंदीला ओढत कड्याकडे नेतोय, दोरानं खाली उतरवून पसार व्हायला. ओढताना वेग निम्मा, टर्नला १५ फूट. कडा ६० फुटांवर. त्यालाही चारच टर्न आहेत. तिसरं काम म्हणजे मध्ये उभे असलेले हॉबगॉब्लिन.

फायटर बुरुजाकडे पळाला तर दोन टर्न नुसत्या धावण्यात जातील. कॅप्टनमागे गेला तर हॉबगॉब्लिनची रांग आडवी येते, आणि त्यांना जोडीदार जवळ असेल तर टर्नमागे एकदा २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) जादा डॅमेज मिळतं. म्हणजे ती रांग फोडणं हेच त्याचं मोलाचं काम ठरतं. उरलेले तीन तिरंदाज जरा पुढे ठेवा, एचपी फक्त ७. फायटर एका घावात एक पाडेल आणि फीटमुळे बोनस अॅक्शनला (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीला) दुसरा हल्ला मिळेल. त्याची ताकद दिसायला हवी, तो खेळायला आलाय.

बुरुज रोगचा. कनिंग अॅक्शननं (रोगच्या खास चपळाईनं) तो एका टर्नला ९० फूट पळू शकतो किंवा आडोशाला राहून बाणानं काम करू शकतो. विझार्डबद्दल मात्र सावध राहा. फायरबॉलचं (आगीच्या गोळ्याच्या स्पेलचं) सरासरी डॅमेज २८, सेव्ह झाला तरी १४, आणि हॉबगॉब्लिनचे एचपी ११. एका स्पेलमध्ये चौघंही जातील आणि भारी कॅरॅक्टरचा प्रश्न फायटरकडून विझार्डकडे सरकेल. म्हणून पहिले दोन राउंड बंदी रांगेच्या २० फुटांच्या आतच असू दे, म्हणजे फायरबॉल टाकला तर तोही भाजेल. तुमचा विझार्ड इव्होकेशन शाळेचा असेल तर तो बंदीला वगळून स्पेल टाकू शकतो. तसं असेल तर हॉबगॉब्लिन दोन-दोन करून लांब उभे करा.

ओगर येणार हे दुसऱ्या राउंडलाच कळू द्या: झाडं मोडल्याचा आवाज, पाखरं उडाली. ते विझार्ड आणि क्लेरिकच्या बाजूनं येतात. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या पाचव्या लेव्हलच्या विझार्डचे एचपी ३२. ओगरचा फटका सरासरी १३, म्हणजे दोन बसले तरी तो उभा राहतो, तिसऱ्याला पडतो. फायटरकडे परत फिरायला एकच राउंड आहे. तो फिरला तर कॅप्टन निसटेल, नाही फिरला तर क्लेरिकनं स्पिरिट गार्डियन्स (भोवती राखणदार आत्मे उभे करणारा स्पेल) लावून ओगर थोपवायचे. निर्णय त्याचा, पण त्यात चौघांचाही जीव गुंतलेला आहे.

टेबलावर काय हलवायचं, काय नाही

लढाई सुरू झाल्यावर राक्षसाचे एचपी गुपचूप वाढवू नका. खेळाडूला ते कळतं आणि मग त्याला आपल्या फाशावरच भरवसा राहत नाही. एचपी आधी ठरवा. ओगरचे ७डी१०+२१, म्हणजे सरासरी ५९ आणि जास्तीत जास्त ९१. या मर्यादेत काय घ्यायचं ते घरी ठरवून वहीत लिहून ठेवा. हलवायच्या गोष्टी वेगळ्या: ओगर एक राउंड आधी किंवा उशिरा येणं, कॅप्टन पडल्यावर गॉब्लिन पळणं, शत्रूनं शरण येणं. पळून जाण्याची अटही आधीच लिहावी, नाहीतर ती दया वाटते.

सगळे शत्रू फायटरवरच तुटून पडले किंवा सगळ्यांनाच त्याच्या तलवारीची बाधा होत नसली, तर ते त्याला शिक्षा दिल्यासारखं होतं. शत्रूनं फायटरला ओळखून टाळणं ठीक, पण त्यानं आधी त्याला लढताना पाहिलेलं असावं.

लढाई झाल्यावर वहीत बघा: प्रत्येकाच्या हातून एक तरी निर्णायक गोष्ट घडली का, कोणाची टर्न वाया गेली आणि फायटरनं निदान एकदा “काय करू?” म्हणून विचार केला का. दोन लढायांनंतरही तो न थांबता सगळं साफ करत असेल, तर बजेटमध्ये त्याला सातव्याऐवजी आठव्या लेव्हलचा धरा (अवघड १४००, जीवघेणी २१००) आणि कामं तीनाची चार करा. उलट तो दोनदा बेशुद्ध पडला असेल, तर पुन्हा पाचव्या लेव्हलचाच धरा आणि कामं तीनच ठेवा.